इंग्रजीतलं जुनं 'दाऊ' म्हणजे 'आपण' की 'तू'? भाषांतरात घोळ झालाय

अर्धवट_अनुवादक

मंडळी, एक बेसिक प्रश्न आहे, हसू नका. आमचा पाच-सहा जणांचा हौशी ग्रुप आहे, त्यात हॅम्लेटमधला आई-मुलाचा प्रवेश मराठीत वाचायचं ठरलं, तो नाही का, राणी त्याला झापायला खोलीत बोलावते आणि पडद्यामागे पोलोनियस लपलेला असतो, तो. भाषांतर आलं माझ्या गळ्यात. मूळ संहितेत कधी 'यू' (you) आहे, कधी 'दाऊ' (thou) आहे. मी साधा हिशोब लावला की यू म्हणजे आपलं रोजचं, म्हणजे तू, आणि दाऊ एवढं भारदस्त, प्रार्थनेत वगैरे येणारं, म्हणजे नक्कीच 'आपण'. झालं, सगळीकडे तसं करून टाकलं. राणी मुलाला म्हणते, 'हॅम्लेट, आपण आपल्या वडिलांना फार दुखावलंत', आणि हा पठ्ठ्या उलट म्हणतो, 'आई, तू माझ्या वडिलांना दुखावलंस'.

वाचन चालू असताना आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई मध्येच म्हणाल्या, 'अरे हे बरोब्बर उलटं केलंयस', आणि तेवढ्यात त्यांना फोन आला तर त्या गेल्याच. आता मला दोन दिवस चैन नाही. उलटं म्हणजे कसं उलटं? दाऊ जर साधं 'तू' असेल तर मग ते ऐकताना एवढं राजेशाही का वाटतं? आणि मुळात हा शब्द मेला का? (मी कॉलेजात तो 'थू' वाचायचो, ती वेगळीच कथा.)

रात्रपाळी

दाऊ हा देवासाठीचा शब्द आहे रे, बायबलमधला. पवित्र भाषा. नंतर छपाईत त्या 'द' च्या जुन्या अक्षराच्या जागी वाय छापायला लागले, म्हणून दाऊचंच यू झालं. म्हणजे दोन्ही एकच शब्द, फक्त स्पेलिंग वेगळं. तुझं 'आपण' बरोबर आहे, बदलू नको.

जुनी_पाने

रात्रपाळी, माफ कर पण दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. स्पेलिंगवाल्या गोष्टीचं दुसरं कोणीतरी सांगेल, मी मूळ प्रश्नाचं बोलतो. बाई बरोबर आहेत. दाऊ म्हणजे तू. अगदी साधं, एकेरी तू.

सुरुवातीला तर यात मान-अपमानाचा प्रश्नच नव्हता. इंग्रजीच्या सगळ्यात जुन्या अवस्थेत, म्हणजे साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वी, एक माणूस असला की दाऊ आणि अनेक असले की यी, एवढंच. राजा असो की गुराखी, एकटा आहे ना, मग दाऊ. (दोघंच असतील तर त्यासाठी तिसरंच सर्वनाम होतं, संस्कृतातल्या द्विवचनासारखं, पण ते लवकर गेलं.) मग नॉर्मन लोक आले १०६६ ला, दरबारात फ्रेंच बोलली जायला लागली, आणि फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला 'व्हू' म्हणजे अनेकवचनात बोलायची पद्धत होती. तेराव्या शतकाच्या आसपास ती इंग्रजीतही शिरली. थोडक्यात आदरार्थी बहुवचन, जे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. वरच्याला यी किंवा यू, खालच्याला आणि घरातल्या लहानाला दाऊ. वरच्या वर्गातली माणसं आपसात यू, साधी माणसं आपसात दाऊ.

आता शेक्सपिअरच्या काळापर्यंत ही गोष्ट इतकी तापलेली होती की दाऊ हे क्रियापद म्हणूनही वापरायचे, एखाद्याला 'दाऊ करणे'. आपल्याकडे 'अरे-तुरे करणे' किंवा 'एकेरीवर येणे' म्हणतो ना, तंतोतंत तेच. ट्वेल्फ्थ नाइटमध्ये सर टोबी आपल्या बावळट मित्राला द्वंद्वयुद्धाचं आव्हान देणारं पत्र कसं लिहायचं ते शिकवतो, त्यात त्याचा सल्ला आहे की दोन-तीनदा त्याला दाऊ म्हणून टाक, वाईट नाही. म्हणजे शिवी द्यायचीही गरज नाही, सर्वनाम पुरे.

आणि हे फक्त नाटकात नाही. १६०३ च्या नोव्हेंबरमध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, लंडनमध्ये प्लेग होता म्हणून विंचेस्टरला. सरकारी बाजूने ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक. रॅले म्हणजे एलिझाबेथ राणीच्या मर्जीतला सरदार, त्याला भर न्यायालयात कोक 'विषारी साप' म्हणतो आणि वर सांगतो, आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर (दी म्हणजे दाऊचंच 'तुला'). 'होय, तुला मी अरे-तुरेच करणार, राजद्रोह्या.' शिक्षा व्हायच्या आधीच कोकने त्याची सरदारकी काढून घेतली, आणि तीही एका सर्वनामाने, मला हे फार भयंकर वाटतं. (हॅम्लेट पहिल्यांदा छापलं गेलं तेही १६०३ च.)

आता तुझा प्रवेश घे. आई मुलाला दाऊ म्हणते, कारण ती आई आहे. मुलगा आईला यू म्हणतो, कारण ती आई आहे आणि शिवाय राणी आहे. तू आईला 'आपण' म्हणायला लावलंस आणि मुलाला 'तू'. म्हणून बाई म्हणाल्या, उलटं.

अर्धवट_अनुवादक

बापरे. म्हणजे मी अख्ख्या राजघराण्याचं वळण बिघडवलं.

पण एक कळलं नाही, मग प्रार्थनेत देवाला दाऊ कसं? देवाला एकेरी? आणि ते रात्रपाळी म्हणतोय ते अक्षराचं काय?

ओळखपाळख

अक्षराचं मी सांगते. रात्रपाळी पूर्ण चूक नाहीये, त्याने दोन गोष्टींची खिचडी केलीये. इंग्रजीत पूर्वी 'थॉर्न' नावाचं एक अक्षर होतं, द/थ या उच्चारासाठी. हस्तलिखितांत ते हळूहळू वाय सारखं दिसायला लागलं, आणि पुढे छपाईचे खिळे युरोपातून आले त्यात हे अक्षरच नसे, मग वाय वर भागवायचे. त्यामुळे जुन्या पाट्यांवरचं जे 'यी ओल्ड' लिहिलेलं असतं ना, ते खरं 'द ओल्ड' आहे, तसंच वाचायचं, 'यी' असा उच्चार त्या ठिकाणी कोणी कधी करत नव्हतं. पण यू हा शब्द त्या भानगडीतून आलेला नाही, तो पहिल्यापासून वेगळा होता. दोन सर्वनामं शेजारी-शेजारी शेकडो वर्षं नांदली, एकाने दुसऱ्याला ढकललं, बस.

खरी मजा व्युत्पत्तीत आहे. दाऊ आणि आपलं तू हे सख्खे नातलग आहेत. संस्कृत त्वम्, लॅटिन तू, जर्मन दू, आइसलँडिक थू, सगळं एकाच मुळातून. जर्मानिक भाषांमध्ये जुन्या 'त' चा 'थ' झाला, म्हणून आपलं त्रि तिकडे थ्री. मग द, दॅट, दाऊ अशा घाईत बोलल्या जाणाऱ्या छोट्या शब्दांत त्या थ चा द झाला. आणि ऊ चा आऊ झाला तो पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर सरकले तेव्हा, हूस चं हाउस, मूस चं माउस, तसंच थू चं दाऊ. म्हणजे कॉलेजात तू जे 'थू' वाचायचास ते फार तर हजार वर्षं जुनं होतं, चूक नव्हतं 😄

आणि यी चं नातं संस्कृत यूयम् शी. आपलं तुम्ही प्राकृत 'तुम्हे' वरून आलंय, तिथे मूळचा य जाऊन तू च्या प्रभावाने त आला. म्हणजे आपल्याकडे एकवचनाने अनेकवचनाला आपला रंग दिला, इंग्रजीत अनेकवचनाने एकवचनाला गिळलं.

अजून एक, यू हे मुळात कर्ता म्हणून यायचंच नाही. यी म्हणजे तुम्ही आणि यू म्हणजे तुम्हाला. सोळाव्या शतकात लोक यी च्या जागी पण यू म्हणायला लागले. म्हणजे आज जगभर एकट्या माणसाला जो शब्द वापरतात तो मूळचा 'तुम्हाला' आहे. 'तुम्हाला कुठे चाललात?' असं अख्खी भाषा बोलतीये आणि कोणाला काही वाटत नाही.

जुनी_पाने

वा, ते 'तुम्हाला कुठे चाललात' मी ढापणार.

देवाचं राहिलं होतं. बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीक, त्या भाषांत आदरार्थी बहुवचनाचा तसा प्रकार नाही, एकाला एकवचन आणि अनेकांना अनेकवचन, मामला संपला. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये नवा करार इंग्रजीत छापला तेव्हा त्याने तोच हिशोब ठेवला. दाऊ म्हणजे एकटा, मग तो देव असो, सैतान असो, राजा असो. नेथन संदेष्टा दावीद राजाला तोंडावर सांगतो 'दाऊ आर्ट द मॅन', तो माणूस तूच, त्यात उद्धटपणा नाही, फक्त एकवचन आहे. १६११ चं किंग जेम्स बायबल आलं तेव्हा लंडनच्या सभ्य बोलण्यातून दाऊ उतरणीला लागलेलं होतं, तरी भाषांतरकारांनी टिंडलचीच घडी ठेवली, आणि त्याचा फायदाही आहे. लूकच्या २२ व्या अध्यायात येशू सायमनला म्हणतो की सैतानाने 'यू' ला मागितलंय, गव्हासारखं चाळायला, पण मी 'दी' साठी प्रार्थना केलीये. सैतानाला हवेत सगळे शिष्य, प्रार्थना झालीये एकट्या सायमनसाठी. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे यू आलं की हा फरक दिसतच नाही, खाली टीप द्यावी लागते.

मग झालं काय की बाजारातून, घरातून दाऊ गेलं आणि चर्चमध्ये तेवढं उरलं. दर रविवारी ऐकू येणार ते फक्त प्रार्थनेत, म्हणजे लोकांच्या कानाला ते पवित्र वाटणारच. आणि देवाला एकेरी म्हणजे आपल्याला काय नवीन आहे, आपणही देवाला तूच म्हणतो की, तिथे तू म्हणजे जवळीक. फरक एवढाच की आपलं तू रोजच्या वापरात जिवंत आहे म्हणून ते जवळचं वाटतं, त्यांचं गेलं म्हणून लांबचं वाटायला लागलं. एकोणिसाव्या शतकातले कवी तर पक्ष्याला, वाऱ्याला, फुलदाणीला दाऊ म्हणायला लागले. शेवटी १९५२ साली जे सुधारित बायबल अमेरिकेत आलं त्यात माणसांना यू आणि फक्त देवाला दाऊ अशी वाटणी झाली, म्हणजे टिंडलच्या बरोबर उलट. तुझी चूक म्हणजे खरं तर चारशे वर्षांनी सगळ्या इंग्रजी जगाने केलेलीच चूक आहे, फार मनाला लावून घेऊ नको.

कोरडी_विहीर

क्वेकर लोकांचं (इंग्लंडातला एक ख्रिस्ती पंथ) कोणीच बोललं नाही!! माझा आवडता भाग.

१६५० च्या आसपास जॉर्ज फॉक्स आणि त्याचे अनुयायी म्हणायला लागले की देवापुढे सगळे सारखे, मग एकट्या माणसाला अनेकवचन ही खुशामत झाली, आणि शिवाय ते खोटं बोलणंही झालं, कारण समोर माणूस एक आहे. म्हणून न्यायाधीश असो की जमीनदार, सगळ्यांना दाऊ आणि दी. टोपी काढणार नाही, वाकणार नाही, यू म्हणणार नाही. लोक चवताळायचे. १६६० मध्ये फॉक्सने दोन सहकाऱ्यांबरोबर चक्क व्याकरणाचं पुस्तक काढलं, त्यात कित्येक भाषांचे तक्ते देऊन दाखवलंय की बघा, एकवचन हे एकवचन असतं. व्याकरणासाठी मार खाणारी माणसं मी तरी दुसरी ऐकलेली नाहीत.

आणि मार म्हणजे खरंच मार. थॉमस एलवुड म्हणून होता, हाच पुढे आंधळ्या कवी मिल्टनला लॅटिन पुस्तकं वाचून दाखवायला जायचा. विशीत क्वेकर झाला आणि घरी येऊन वडिलांना दाऊ म्हणायला लागला. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की वडिलांनी बदडलं आणि वर धमकी दिली, परत मला दाऊ किंवा दी म्हणालास तर दात घशात घालीन. विचार करा ना, मुलगा समतेबद्दल बोलतोय आणि बापाला ऐकू येतंय फक्त 'कार्टं अरे-तुरे करतंय'.

गंमत अशी की ज्या क्वेकरांनी खुशामत नको म्हणून दाऊ धरून ठेवलं, त्यांच्यात पुढे ते आपल्या लोकांतली खूण होऊन बसलं. बाहेरच्याशी यू, पंथातल्याशी दी. आणि व्याकरण तर पार गेलं, अमेरिकेतले क्वेकर 'दाऊ आर्ट' च्या जागी 'दी इज' म्हणायचे, कर्मच कर्ता. म्हणजे यू चं जे झालं तेच दाऊचं.

माझा तर असा कयास आहे की दाऊ मरायला क्वेकरांनीही थोडा हातभार लावला असणार, कारण ज्याला आपण क्वेकर वाटायला नको तो ते तोंडात आणणारच नाही. पण मुख्य कारण साधं आहे, शहरं वाढली, कपड्यावरून माणूस ओळखू येईना, कोणाला काय म्हणायचं कळेना, मग धोका कशाला, सगळ्यांनाच यू. सतराव्या शतकाच्या अखेरीस शिष्ट बोलण्यातून ते गेलंच होतं.

रात्रपाळी

बरं बाबा, मी माघार घेतो. पण मग ते पूर्ण मेलं का? कारण मी यॉर्कशरवाल्या एका सिरीयलमध्ये 'दा' 'दा' ऐकलंय, सबटायटलला यू येत होतं.

कोरडी_विहीर

नाही मेलं. उत्तर इंग्लंडात आहे, यॉर्कशरला 'दा' आणि 'दी'. शेफील्डच्या लोकांना शेजारच्या बार्न्सलीचे लोक 'डी-डार' म्हणून चिडवतात ते त्यांच्या याच उच्चारावरून. तरुणांच्यात कमी होत चाललंय पण आहे. आणि तिथे तो मानापमान पण जिवंत राहिला, वडीलधारे पोरांना सुनवायचे, अर्थ असा की 'मला अरे-तुरे करू नकोस, स्वतःला करून बघ, कसं वाटतं ते'. लंडनमध्ये तीनशे वर्षांपूर्वी जी भानगड मिटली ती त्यांच्या अंगणात चालूच.

आता बिचाऱ्या इंग्रजीला उलटी अडचण आहे, एकाला आणि दहांना सारखंच यू. मग अमेरिकेत दक्षिणेला यॉल, पिट्सबर्गला यिन्झ, आयर्लंडला यूझ, आणि जिकडे तिकडे 'यू गाइज'. हाकललं एकवचन आणि शोधतायत अनेकवचन.

टिंबटिंब

जाता जाता, कारण लोक इंटरनेटवर 'दाऊ नोएथ' असलं काहीतरी लिहून जुनं इंग्रजी लिहिल्याचा आव आणतात आणि माझं डोकं फिरतं. 'एथ' शेवट तृतीय पुरुषाला लागतो, ही नोएथ. दाऊला 'एस्ट', दाऊ नोएस्ट. कर्ता दाऊ, कर्म दी. दाय म्हणजे तुझा, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर दाइन, अ आणि ॲन सारखंच. आणि शेक्सपिअरच्या भाषेला 'ओल्ड इंग्लिश' म्हणू नका हो, ओल्ड इंग्लिश त्याच्या आधी चारशे-पाचशे वर्षं संपली, ती आज वाचून एक ओळ कळणार नाही.

अर्धवट_अनुवादक

सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय पण आनंदात. काल रात्री बसून परत केलं:

राणी: हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंयस.
हॅम्लेट: आईसाहेब, माझ्या वडिलांना तुम्ही फार दुखावलंयत.

आता लक्षात आलं की तिचे 'तुझे वडील' म्हणजे नवा नवरा आणि याचे 'माझे वडील' म्हणजे मेलेला. हे आधी कळलंच नव्हतं, मी सर्वनामात अडकलो होतो. पण पुढच्याच ओळीला परत अडलो. राणी म्हणते, कम, कम, यू आन्सर विथ ॲन आयडल टंग. इथे तिने यू का म्हटलं? आत्ता तर दाऊ म्हणत होती. शेक्सपिअर विसरला का?

जुनी_पाने

विसरला नाही रे, तिथेच तर तो प्रवेश आहे. मुलाने उलट उत्तर दिलं, बाई दुखावली, आणि तिने एका वाक्यात त्याला परकं केलं. आपल्याकडे आई चिडली की नाही का म्हणत, 'या, आलात? वेळ मिळाला वाटतं आमच्यासाठी'. त्या अहो-जाहोत आदर असतो का? सगळे भाऊबहीण गपचूप खाली बघतात तो सूर.

आणि अजून थोडं पुढे वाच. हॅम्लेट तिला धरून बसवतो, तिला वाटतं हा आता मला मारतो की काय, आणि ती ओरडते, व्हॉट विल्ट दाऊ डू? तिथे परत दाऊ. घाबरल्यावर राणीपण गळून पडतं आणि आई उरते. सगळे असेच हिशोबात बसत नाहीत हां, काही ठिकाणी शेक्सपिअर नुसता लयीसाठीपण बदलतो, त्यामुळे प्रत्येक यू मागे धावू नको. पण ही तीन ठिकाणं सोडू नकोस.

अर्धवट_अनुवादक

मग हे बघा:

राणी: पुरे! काय वाट्टेल ते बोलताय तुम्ही.
हॅम्लेट: आणि तुम्ही वाट्टेल ते विचारताय.
...
राणी: काय करतोयस? अरे, मारणार नाहीस ना मला तू?

ते 'अरे' मूळात नाहीये, मी घातलंय. ठेवू का?

ओळखपाळख

ठेव. आणि त्या बाईंना फोन बंद करून बसायला सांग.